पर्जन्यमापक, दगड आणि काळी माती : शाळेसाठी घेतलेल्या भूविज्ञान संचाचे परीक्षण

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी आणि नववीला भूगोल शिकवते. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या शाळेने पृथ्वीविज्ञान, हवामान आणि नैसर्गिक संपत्ती यांची विद्यार्थ्यांना ओळख करून देणारा एक तयार संच विकत घेतला. शहरातील प्रयोगशाळा साहित्याच्या एका दुकानामार्फत मागवलेल्या या संचाला वाहतूक धरून साडेआठ हजार रुपये लागले. ही रक्कम माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून उभी राहिली होती, त्यामुळे तिचे चीज झाले की नाही हे सांगणे मी माझे कर्तव्य समजते. असे संच थोड्याफार फरकाने अनेक जण तयार करतात, म्हणून उत्पादकाचे आणि दुकानाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. संच कोणाचाही असो, घेण्यापूर्वी काय तपासून पाहावे हे कळले म्हणजे पुरे.

निष्कर्ष आधीच सांगते. हवामानाच्या उपकरणांसाठी हा संच जरूर घ्यावा; केवळ दगडांच्या नमुन्यांसाठी घेऊ नये. आणि रोज ठरलेल्या वेळी नोंद ठेवण्याची शाळेची तयारी नसेल, तर मुळीच घेऊ नये.

संच दोन पेट्यांत येतो. लहान पेटीत प्लायवुडच्या कप्प्यांत चोवीस खडक आणि खनिजे, एक भिंग, लोहचुंबक, काचेची पट्टी, लोखंडी खिळा आणि खनिजाची रेघ ओढून तिचा रंग पाहण्यासाठी बिनचकाकीची पांढरी फरशी असते. मोठ्या पेटीत पर्जन्यमापक, कमाल-किमान तापमापक, ओल्या आणि कोरड्या फुग्याचा आर्द्रतामापक, वातदिशादर्शक, वाऱ्याचा वेग मोजणारे वाट्यांचे यंत्र, निर्द्रव वायुदाबमापक, मातीच्या चाळण्या, मोजपात्र, सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या आणि ढगांचा रंगीत तक्ता मिळतो. त्याशिवाय दोन नकाशे आणि शिक्षकांसाठी चौसष्ट पानांची मराठी पुस्तिका आहे. तापमापकांत पारा नसून लाल रंगाचा द्रव आहे, ही बाब मला फार महत्त्वाची वाटली. चाळीस मुलांच्या वर्गात पाऱ्याचा तापमापक फुटला तर काय करायचे, या काळजीने पूर्वी आम्ही ती उपकरणे बाहेरच काढत नसू.

आता वायुदाबमापकाविषयी, कारण वर्षभरातील सर्वांत चांगला तास त्याच्यामुळे झाला, आणि तोही पुस्तिकेतील चुकीमुळे. पहिल्या दिवशी काटा ९५३ मिलिबारवर थांबला. तबकडीवर त्या बाजूला ठळक अक्षरांत ‘वादळ’ असे छापलेले होते. पुस्तिका उघडली तर तिच्यात लिहिले होते की हवेचा सर्वसाधारण दाब १०१३ मिलिबार असतो आणि तो बराच कमी झाल्यास वादळी पावसाची शक्यता असते. मुले खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर लख्ख ऊन होते. दुसऱ्या दिवशी ९५४, तिसऱ्या दिवशी पुन्हा ९५३, आणि काटा मात्र ‘वादळ’ सोडायला तयार नाही. यंत्र बिघडले असावे, असेच वर्गाचे एकमत झाले.

यंत्र बिघडलेले नव्हते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे आणि या उंचीपर्यंत साधारण दर नऊ मीटरला हवेचा दाब एक मिलिबारने कमी होतो. मुलांनी ४६० ला ९ ने भागले, ५१ आले, ते ९५३ मध्ये मिळवले आणि १००४ हा आकडा फळ्यावर लिहिला. हवामान विभागाच्या नकाशावर दाब समुद्रसपाटीवर आणूनच दाखवतात. त्या दिवशीच्या नकाशावर आपल्या भागातून जाणारी समदाब रेषा (समान दाबाची ठिकाणे जोडणारी रेषा) १००४ चीच निघाली, तेव्हा वर्गात जो आनंद झाला तो मी शब्दांत मांडू शकत नाही. समुद्रसपाटीसाठी केलेली तबकडी पठारावर जशीच्या तशी वाचता येत नाही, हे पुस्तिकेत एका वाक्यात सांगता आले असते. यंत्राच्या मागे एक लहान स्क्रू असतो; तो फिरवून काटा समुद्रसपाटीच्या दाबाशी जुळवता येतो, हेही पुस्तिका सांगत नाही. आम्ही तो स्क्रू फिरवलाच नाही, कारण रोज ५१ मिळवण्याच्या निमित्ताने पठाराची उंची मुलांच्या डोक्यात पक्की बसली.

दाबाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो; हा फरक तीन-चार मिलिबारपर्यंत असू शकतो. आमच्या एका गटाने सकाळी आणि दुसऱ्या गटाने शाळा सुटताना नोंद घेतल्यामुळे आलेखाला करवतीसारखे दाते पडले. नोंदीची वेळ एकच का ठेवायची, हे त्या दातांनी जितके स्पष्ट केले तितके मला सांगून करता आले नसते. वेळ ठरल्यानंतरचा आलेख मात्र बोलका झाला. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकू लागले की आपल्याकडचा काटा हळूहळू उतरतो, हे मुलांनी सप्टेंबरात स्वतः पाहिले. १४ ऑक्टोबर २०२० रोजी सोलापूर जिल्ह्याला झोडपून काढणारा पाऊस अशाच एका प्रणालीने आणला होता. काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून ती तेलंगणावरून आपल्याकडे आली होती. त्या रात्री घरात शिरलेले पाणी आमच्या कित्येक मुलांना आठवते, फक्त ते कोठून आले हे त्यांना ठाऊक नव्हते.

पर्जन्यमापक दिसायला चांगला आहे, पण त्यात एक मोठा दोष आहे. आतील मोजपात्र ५० मिलिमीटरपर्यंतच भरते. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच त्याला जोरदार पाऊस म्हणतो; म्हणजे ज्या पावसाला जोरदार म्हणायचे, तो या पात्रात मावतच नाही. कोकणात तो निरुपयोगी ठरणार हे उघड आहे. पण सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, इथे पाऊसच कमी, मग हा दोष मानायचा का, असे आमच्या मुख्याध्यापकांनी विचारले होते. उत्तर सप्टेंबरने दिले. आपल्याकडे पाऊस एकूण कमी असला तरी जो पडतो तो थोड्या दिवसांत, धो-धो पडतो, आणि वर्षातील सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये होतो. एका रात्री पात्र भरून वाहून गेले आणि वर्षातील सर्वांत मोलाची नोंद ‘५० पेक्षा जास्त’ एवढीच राहिली. ज्या मुलाची त्या दिवशी पाळी होती, तो वही घेऊन बराच वेळ तसाच उभा होता. त्यानंतर आम्ही मोजपात्र एका मोठ्या बरणीत ठेवू लागलो, म्हणजे वर आलेले पाणी बरणीत साठते आणि नंतर मोजता येते. हवामान विभागाच्या पर्जन्यमापकात ही सोय मुळातच असते. शाळेसाठी बनवणाऱ्यांनी ती का वगळली, हे समजत नाही.

पावसाची नोंद देशभर सकाळी साडेआठला घेतात, म्हणून आम्हीही तीच वेळ ठरवली. शाळा उशिरा भरत असल्याने जवळ राहणाऱ्या सहा मुलांनी आठवड्याच्या पाळ्या वाटून घेतल्या. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरायचा, हा नियम पाळला. चार महिन्यांच्या वहीत ‘पाऊस आला’ असे शेरे भरपूर आणि खरे पावसाचे दिवस थोडेच निघाले, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांकडे डोळे लावून का बसतात, हे मुलांच्या लक्षात आले. पेरणीचा हंगाम इतर जिल्ह्यांत जूनमध्ये गाजतो. आपल्याकडची रब्बी ज्वारी या परतीच्या पावसाच्या ओलीवर उभी राहते. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे ते याच कारणाने, आणि पुस्तिकेतील ‘पर्जन्य व शेती’ या पानावर भाताच्या चित्राऐवजी ज्वारीचे कणीस असते तर मला अधिक समाधान वाटले असते.

आर्द्रतामापक हा संचातील माझ्या मते सर्वांत गुणी भाग आहे. दोन तापमापक शेजारी शेजारी, एकाच्या फुग्यावर ओले मलमल; पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता घेतली जाते, म्हणून ओला तापमापक कमी तापमान दाखवतो, आणि हवा जितकी कोरडी तितका फरक जास्त. तत्त्व इतके सोपे की सातवीच्या मुलालाही समजते. अडचण तक्त्याची आहे. फरकावरून सापेक्ष आर्द्रता काढण्याचा जो तक्ता पुस्तिकेत छापला आहे, त्यात फरक १० अंशांपर्यंतच धरलेला आहे. एप्रिलमध्ये एका दुपारी आमचा कोरडा तापमापक ३८ आणि ओला २१ अंश दाखवत होता. फरक १७ अंश. तक्ता संपलेला, सोलापूरचा उन्हाळा तक्त्याबाहेर! मी मोठ्या तक्त्यावरून आकडा काढून दिला, तो सुमारे २१ टक्के आला.

त्याच तासाला एका मुलीने हात वर केला. तिच्या घरी यंत्रमाग आहे. ती म्हणाली, “बाई, म्हणूनच पप्पा उन्हाळ्यात मागाच्या खोलीत सारखं पाणी मारतात. नाहीतर सूत तुटतं.” सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि दमट हवेत त्याची ताकद वाढते, हे तिला कोणी शिकवलेले नव्हते, तिने ते जमिनीवर मारलेल्या पाण्यात पाहिले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही आर्द्रतामापक तिच्या घरी नेला. बाहेरच्या रस्त्यावर दोन तापमापकांतील फरक १६ अंश होता, मागाच्या खोलीत ९. तिचे वडील माग थांबवून ते आकडे पाहायला आले, ओल्या मलमलीला बोट लावून पाहिले आणि एवढेच म्हणाले, “हे आम्हाला सुतावरून कळतं.” चादरी आणि टॉवेलांच्या या शहरात हवामानाच्या धड्याला याहून चांगले उदाहरण कोणते असणार? संच बनवणाऱ्यांनी पुस्तिकेत या उपकरणासाठी डोंगराळ प्रदेशातील धुक्याचे उदाहरण दिले आहे.

या सर्व तापमापकांसाठी झडपांची पांढरी पेटी लागते आणि ती संचात नाही. ही उणीव मी सर्वांत गंभीर मानते. सुरुवातीला आम्ही तापमापक व्हरांड्याच्या भिंतीला टांगले. दगडी भिंत दिवसभर तापत असल्याने तापमान तीन-चार अंशांनी जास्त येत होते आणि मुलांना ते खरे वाटत होते. शेवटी ओळखीच्या सुताराकडून बाजूंना तिरप्या झडपा असलेली लाकडी पेटी करून घेतली, तिला पांढरा रंग दिला आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, दार उत्तरेकडे येईल अशी उभी केली. साडेअठराशे रुपये खर्च आला. जे कोणी हा संच घेतील त्यांनी ही रक्कम किमतीत धरूनच हिशेब करावा.

वातदिशादर्शक टिकाऊ आहे. वेग मोजण्याच्या यंत्राच्या प्लास्टिकच्या वाट्या मेच्या सुटीतील एका वावटळीत तुटल्या, आणि त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ढगांचा तक्ता मात्र सुरेख छापलेला आहे. वर्षभर तो वर्गात लावलेला असून एकही कोपरा फाटलेला नाही. त्याच्यासमोर उभे राहून मुलांनी कृत्रिम पावसाविषयी विचारले, कारण सोलापुरात त्यासाठी विमाने फिरत होती हे त्यांनी घरी ऐकले होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या परिसरातील ढगांवर विमानातून आर्द्रता शोषणारे क्षारकण सोडण्याचे प्रयोग केले, आणि वाऱ्याच्या पुढच्या बाजूच्या क्षेत्रात सरासरी सुमारे १८ टक्के अधिक पाऊस झाल्याचे संशोधकांनी नोंदवले. निरभ्र आकाशातून पाऊस पाडता येत नाही, ढग आधी असावा लागतो आणि तोही योग्य जातीचा, हे तक्त्यातील ढग दाखवून सांगता आले.

आता दगडांकडे वळते. चोवीस नमुने नीट घासलेले, क्रमांक घातलेले, पेटी उघडताच मुलांनी ‘वा!’ म्हणावे असे आहेत. गुलाबी ग्रॅनाइट, पांढरा संगमरवर, पाण्यावर तरंगणारा प्युमिस, चुंबकाला चिकटणारा मॅग्नेटाइट. ज्या दगडावर आपले शहर, आपला भुईकोट किल्ला आणि आपल्या विहिरी उभ्या आहेत, तो बेसॉल्ट मात्र बोराएवढा एक तुकडा, आणि तोही असा गुळगुळीत की शेजारच्या पाटीच्या दगडापासून वेगळा ओळखू येऊ नये. महाराष्ट्राचा फार मोठा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनला आहे. महाराष्ट्रातील शाळेला विकायच्या पेटीत त्याला बोराएवढी जागा द्यावी, याचे मला वाईट वाटले.

म्हणून आम्ही पेटी बाजूला ठेवून दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका विद्यार्थ्याच्या मामांच्या शेतात गेलो, जिथे नवी विहीर खणली जात होती. वर दोन-अडीच हात काळी माती, तिच्याखाली चुनखडीच्या खड्यांची पिवळट माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि तळाशी काळा पाषाण. मध्येच तांबड्या गेरूचा एक पट्टा होता. लाव्ह्याचा एक थर थंड झाल्यावर पुढचा थर येईपर्यंत मध्ये बराच काळ जातो, आणि त्या काळात वरचा पृष्ठभाग झिजून अशी तांबडी माती होते, हे तिथे बोट ठेवून दाखवता आले. विहीर खणणाऱ्या काकांनी पांढऱ्या ठिपक्यांचा एक दगड काढून दिला आणि म्हणाले, “हा मांजऱ्या. ह्यात पाणी असतंय. काळ्या पाषाणात डोकं फोडलं तरी थेंब नाही.” लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे जिथे राहिले त्या पोकळ्यांत नंतर पांढरी खनिजे भरली, तो हा दगड, तो लवकर झिजतो, त्यात फटी पडतात आणि पाणी मुरते, तर भरीव पाषाणात मुरत नाही. एका बोअरला पाणी लागते आणि वीस पावलांवरच्या बोअरमधून नुसती धूळ येते, या सोलापुरी अनुभवाचे कारण त्या दोन दगडांत आहे. ते दोन्ही दगड आता आमच्या पेटीत पंचविसावा आणि सव्विसावा नमुना म्हणून ठेवले आहेत.

ग्रॅनाइटाच्या नमुन्याचा मात्र उपयोग झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला किल्लारीचा भूकंप आमच्या मुलांच्या आजी-आजोबांनी अनुभवलेला आहे. त्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात संशोधनासाठी जे खोल छिद्र घेण्यात आले, त्यात सुमारे ३३८ मीटर जाडीचा बेसॉल्ट संपल्यानंतर ग्रॅनाइटाच्या कुळातील फार प्राचीन खडक लागला. हातातील गुलाबी दगड दाखवून ‘आपला काळा दगड अशाच पायावर पसरलेला आहे’ असे सांगितल्यावर तो तुकडा वर्गात प्रत्येकाने हातात घेऊन पाहिला. चुनखडकाचीही तशीच गोष्ट. सोलापूरहून कर्नाटकातील वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर शहाबाद आहे, तिथली फरशी आपल्या घराघरांत आहे आणि लिंबू सांडले की तिच्यावर डाग पडतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तो डाग म्हणजेच आम्लाची आणि चुनखडकाची क्रिया. संचातील आम्लाची बाटली रिकामी येते, कारण आम्ल वाहतुकीने पाठवता येत नाही. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतील सौम्य आम्लाचे दोन थेंब फरशीच्या तुकड्यावर टाकून फेस पाहिला.

मातीच्या भागाविषयी एक सूचना करते. मोजपात्रात माती आणि पाणी हलवून ठेवले की वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे थर बसतात आणि चोवीस तासांत पाणी निवळते, असे पुस्तिका सांगते. आपली काळी माती चौथ्या दिवशीही पाणी गढूळच ठेवते, कारण तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात. चिमूटभर तुरटी टाकली की काम होते. या मातीचा खरा स्वभाव मात्र संचातील कोणत्याच प्रयोगात दिसत नाही, तो म्हणजे ओली झाली की फुगणे आणि वाळली की आक्रसून भेगा पडणे. आम्ही २० सेंटिमीटर लांबीच्या लाकडी साच्यात ओली माती भरून आठ दिवस वाळवली. ती १७ सेंटिमीटर उरली. मॉन्टमोरिलोनाइट हे तिच्यातील खनिज पाणी धरून ठेवते म्हणून फुगते, आणि म्हणूनच हिवाळ्यात पाऊस नसताना ज्वारी त्या ओलीवर पोसते. याच मातीमुळे पूर्व भागातील कित्येक घरांच्या भिंतींना तडे गेले आहेत, हे मुलांनीच सांगितले.

नैसर्गिक संपत्तीचा भाग सर्वांत दुबळा. हेमॅटाइट, बॉक्साइट, मँगनीज आणि दोन प्रकारचा कोळसा एवढे नमुने आहेत, नकाशावर त्यांच्या खाणी आहेत, आणि सोलापूर जिल्हा नकाशावर कोरा आहे. मुलांना वाटते की आपल्याकडे काहीच नाही. पाण्यासाठी पुस्तिकेत अर्धे पान आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज ‘उजनी उणे’ छापून येते, तिथे अर्ध्या पानाने भागत नाही. भीमेवरील उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातील उपयुक्त साठा ५३.५७ आणि मृत साठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारे पाणी, ६३.६६ टीएमसी, टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून ती शून्याखाली गेली तरी धरणात पाणी असते. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३२ कोटी लिटर. हे गणित वर्गात केल्यावर मुले बातमी स्वतः वाचून समजावू लागली. त्याला जोडून आम्ही पर्जन्यमापकाची वही घेतली. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या वर्गाचे छत ६० चौरस मीटरचे, तेव्हा १० मिलिमीटर पावसात त्यावर ६०० लिटर पाणी पडते आणि पन्हाळीतून गटारात जाते. छताचे पाणी साठवण्यासाठी मुलांनी शाळा समितीला अर्ज दिला आहे.

पुस्तिकेची भाषा सुधारायला हवी. पाठ्यपुस्तकात ‘अग्निजन्य’ आणि इथे ‘अग्निज’, तिथे ‘वृष्टी’ आणि इथे एकाच पानावर कधी ‘पर्जन्य’ तर कधी ‘प्रेसिपिटेशन’; परीक्षेला बसणाऱ्या मुलाचा अशाने गोंधळ होतो. दुकानाच्या सेवेविषयी सांगायचे तर कमाल-किमान तापमापकाची नळी फुटलेली निघाली आणि ती बदलून मिळायला सहा आठवडे लागले, तोवर जुलै निघून गेला. अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणासाठी आलेल्या प्रतिनिधीने पेटीतील वस्तूंची नावे वाचून दाखवली. त्याला वायुदाबमापकाविषयी विचारले असता समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

यंदा आमच्या दुसऱ्या तुकडीसाठी आम्ही पूर्ण संच मागवलेला नाही. दुकानदाराशी बोलून आर्द्रतामापक, वायुदाबमापक, कमाल-किमान तापमापक आणि ढगांचा तक्ता एवढेच सुटे घेतले, आणि ते तीन हजार आठशे रुपयांत मिळाले. पर्जन्यमापक बाहेरच्या मोठ्या पात्रासह वेगळा बनवून घेत आहोत. दगड आणि माती मुले आपापल्या गावाहून आणत आहेत. अक्कलकोट, मोहोळ आणि मंगळवेढा येथून आलेल्या मातीच्या बाटल्या खिडकीत ओळीने ठेवल्या आहेत, आणि मंगळवेढ्याच्या बाटलीतील पाणी आज सहाव्या दिवशीही निवळलेले नाही.